मशीन थरथरतंय, पाती तुटतायत

नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या शाळेत चित्रकला शिकवतात, वय ४४. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या घरात नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. साठवलेल्या पैशांतून त्यांनी १६ इंची स्क्रोल सॉ मशीन (बारीक पात्याने लाकडात नक्षी कापणारी विजेची करवत) मागवलं आणि ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, फोल्डिंगच्या टेबलावर ठेवलं. लाकडी पझल, देवनागरी नावाच्या पाट्या आणि पुढेमागे गणपतीचं मखर, असा बेत होता. प्रत्यक्षात मशीन थरथरतं, पाती पटापट तुटतात, रेषेवरून कापलं जात नाही, पझलचे तुकडे एकमेकांत अडकून बसतात. दिवसा शाळा असते म्हणून काम रात्री दहानंतर चालतं, त्यामुळे खालच्या मजल्यावरून तक्रार आली. सासूबाईंना हा सगळा प्रकारच पसंत नाही. सहकाऱ्यांनी आठ पाट्या सांगितल्या आहेत, थोडे पैसे आगाऊ घेऊन झाले आहेत. नवरा म्हणतो, विकून तरी टाक, नाहीतर चांगलं मोठं मशीन घे. मुलालाही मशीन चालवून पाहायचंय. ताई विचारतात, "रेषेवर हात कसा ठेवायचा हे मी मुलांना शिकवते आणि मलाच ते जमत नाही. माझा हातच या कामाचा नाही असं समजून मशीन विकून टाकू का?"

ताई,

विकू नका. मोठंही घेऊ नका. तुमच्या पत्रात मशीन कुठे आणि कसं ठेवलंय ही माहिती एका ओळीत आहे आणि स्वतःच्या हाताला दिलेला दोष पानभर आहे. मी ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. फोल्डिंगचं टेबल, ड्राय बाल्कनी, रात्रीचे दहा. तुम्ही सांगितलेल्या जवळपास प्रत्येक अडचणीचं मूळ मला तिथेच दिसतं. वर्षानुवर्षं फळ्यावर एका झटक्यात गोल काढणारा हात एका मशीनपुढे बसल्यावर निकामी होत नाही. पण थरथरत्या टेबलावर कागद ठेवून तुमच्या वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला चित्र काढायला सांगितलं, तर तेही बिघडेलच.

म्हणून पाट्या आणि पझल सध्या बाजूला ठेवा. येत्या एक-दोन सुट्टीच्या दिवशी काहीही कापायचं नाही, फक्त मशीन नीट बसवायचं.

सुरुवात टेबलापासून. स्क्रोल सॉमध्ये पातं मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा खालीवर होतं. पात्याबरोबर वरचा आणि खालचा असे दोन्ही दांडे हलतात. या हालचालीचा धक्का कुठेतरी जिरायला हवा. खाली जड, घट्ट बैठक असेल तर तो तिथे जिरतो. फोल्डिंगच्या टेबलाचे पाय बिजागरीवर उभे असतात, ते धक्का जिरवत नाहीत, उलट वाढवतात. मग लाकूड पात्यावर नाचायला लागतं, तुम्ही ते दाबून धरता, पात्याला आडवा जोर बसतो आणि ते तुटतं. तुटलेल्या पात्यांपैकी निम्म्यांचा हिशोब तरी इथेच लागेल.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ड्राय बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. तिथे चार पायांची वस्तू ठेवली की ती कलते, किंवा एखादा पाय किंचित अधांतरी राहतो. वॉशिंग मशीनचे पाय फिरवून उंची जुळवता येते, टेबलाचे येत नाहीत. स्पिरिट लेव्हल (बुडबुड्याची पातळीपट्टी) ठेवून पाहा, म्हणजे कळेल. नसेल तर मोबाइलमध्येही ती सोय असते.

बैठकीसाठी नवीन काही विकत घेण्याआधी नातेवाइकांकडे विचारा, कोणाच्या माळ्यावर जुन्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड पडलाय का. त्याहून चांगली बैठक शोधून मिळणार नाही. बीड जड असतं, थरथर पुढे जाऊ देत नाही आणि स्टँडची उंचीही बसून काम करायला साधारण जमते. पायांना चाकं असतील तर ती काढून टाका. वर १८ मिलीमीटरच्या प्लायचे दोन तुकडे एकावर एक फेविकॉल आणि स्क्रूने जोडून बसवा आणि मशीन त्यावर नट-बोल्टने, वायसर घालून आवळा. नुसतं ठेवून चालणार नाही. मशीनच्या बुडाला त्यासाठीच भोकं दिलेली असतात. बिडाचा स्टँड मिळाला नाही तर वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा साधा स्टँड करून घ्या, पण त्याला खाली एक फळी हवी. त्या फळीवर ओट्याच्या कामातून उरलेल्या कडप्प्याचे तुकडे किंवा वाळूच्या दोन-तीन पिशव्या ठेवा. वजन खाली गेलं की मशीन शांत होतं. पायांखाली जाड रबराचे तुकडे द्या. खालच्या मजल्यावरच्यांना जो आवाज जातो तो हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो, त्यामुळे त्यांची निम्मी तक्रार या रबरानेच मिटेल. त्याच कारणासाठी स्टँड भिंतीला ठोकू नका, टेकवूही नका.

झालं की मशीनच्या पत्र्यावर, म्हणजे लाकूड ठेवायच्या सपाट भागावर, पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि मशीन सगळ्या वेगांवर चालवून पाहा. पाण्यावर बारीक कंप दिसेल, तो दिसू दे. पेला सरकायला लागला तर बोल्ट, रबर आणि उतार पुन्हा तपासा.

उंचीचंही सांगते. बसल्यावर कोपर आणि मशीनचा पत्रा साधारण एका पातळीत यावा. पत्रा छातीशी आला तर खांदे वर उचलले जातात आणि पंधरा मिनिटांत मान धरते. खाली गेला तर तुम्ही वाकून रेष बघता, म्हणजे पात्याच्या पुढून न बघता वरून बघता, आणि कापलं कुठे जातंय याचा अंदाज चुकतो. उजेड बाजूने येऊ द्या, तुमच्या डोक्याची सावली पात्यावर पडायला नको.

आता पझलचे तुकडे. ते अडकतात असं तुम्ही लिहिलंय, पण कसे अडकतात ते लिहिलं नाही. एक तुकडा हातात घ्या. तो वरून ढकलला तर निघत नाही, पण खालून ढकलला तर निघतो (किंवा उलट), असं होतंय का? तसं असेल तर पत्रा पात्याशी काटकोनात नाही. कड उभी न कापता तिरकी कापली गेलीय. पत्र्याखाली अंशांची पट्टी असते आणि काटा शून्यावर असतो, पण त्या पट्टीवर भिस्त ठेवू नका. छोटा गुण्या पात्याला लावून बघा. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे १८-२० मिलीमीटर जाडीचा एक लाकडी तुकडा घ्यायचा, त्यात समोरून जेमतेम दोन-तीन मिलीमीटर खाच कापायची, मशीन बंद करायचं आणि तोच तुकडा उलटा न करता फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्यायचा. पात्याची पाठ त्या खाचेत अलगद बसली तर पत्रा काटकोनात आहे. खाचेच्या खालच्या किंवा वरच्या टोकाला पातं घासलं तर पत्रा किंचित फिरवून पुन्हा तेच करायचं. तीन-चार वेळा करावं लागेल. कंटाळू नका, कारण पझलचा सगळा आनंद या एका गोष्टीवर आहे. तुकडा दोन्ही बाजूंनी सुळकन जायला हवा.

पात्यांकडे येते. तुमच्या वर्णनावरून मशीनबरोबर पिनवाली पाती आलेली दिसतात, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी छोटी पिन असलेली. ती बसवायला सोपी असतात, पण आतलं नक्षीकाम करताना ती पिन आरपार जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं आणि नाजूक अक्षरात ते दिसतं. बिनपिनची, सपाट टोकांची पाती घेतली तर दीड मिलीमीटरच्या भोकातूनही ओवता येतात. दोन्ही प्रकारची पाती ५ इंच लांब मिळतात. बऱ्याच मशीनबरोबर सपाट पाती पकडायचे छोटे चिमटे येतात, तुमच्या खोक्यात एखाद्या न उघडलेल्या पिशवीत ते असतील, पाहा. नसतील तर वेगळे मिळतात, मात्र मशीनचं मॉडेल सांगून मागवा.

पात्याच्या जाडीला नंबर असतात. नंबर वाढेल तसं पातं रुंद आणि दणकट होतं. १८ मिलीमीटरच्या लाकडाला ५ नंबर, ६ ते ९ मिलीमीटरच्या प्लायला ३ नंबर, त्याहून पातळ आणि नाजूक कामाला १ नंबर घ्या. जाड सागाला ७ किंवा ९. तुम्ही सगळ्याच कामाला एकच पातं वापरत असाल तर पाती तुटण्याचं तेही कारण आहे. प्लायसाठी उलट दात्यांची पाती मागा. त्यांत खालचे काही दाते वरच्या दिशेने असतात, त्यामुळे प्लायची खालची बाजू कुसळं न निघता साफ राहते. ही पाती बसवताना ते मोजके उलटे दाते पत्र्याच्या खाली, पण वर येताना लाकडाला लागतील एवढ्या उंचीवर हवेत. बाकी सगळ्या दात्यांची टोकं खाली. पातं उलटं बसलं की लाकूड दर फेरीला वर उचललं जातं आणि माणूस घाबरून ते जोराने दाबतो. डोळ्यांना दाते दिसले नाहीत तर बोट अलगद वरून खाली फिरवा. खाली जाताना गुळगुळीत आणि वर येताना खरखरीत लागलं तर बरोबर.

ताण हा खरा कळीचा भाग. सैल पातं कापताना पोटात वाकतं, कड बाहेर फुगते, वळणावर ते पिळलं जाऊन तुटतं. नवशिके बहुतेक सगळेच ताण कमी ठेवतात, कारण जास्त ताणलं तर तुटेल अशी भीती असते. पातं बसवून ताण दिल्यावर त्याला बोटाने छेडा. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ, उंच सूर यायला हवा. बद्द आवाज आला तर आणखी ताण द्या. बोटाने बाजूला ढकलून पाहिलं तर ते एका सुताहून जास्त सरकायला नको. पातं चिमट्यातून निसटत असेल तर नव्या पात्यांवर तेलाचा हात असतो, तो दोन्ही टोकांवर पॉलिश पेपर फिरवून काढा. चिमट्याच्या आतही एकदा पेपर फिरवा. आणि पाती संपतात याचं मनाला लावून घेऊ नका. प्लायमधला डिंक दाते लवकर मारतो, अर्ध्या तासाच्या कापण्यात पातं बोथट होणं अगदी सामान्य आहे. बोथट पात्याला पुढे रेटत राहिलं की ते तुटतं किंवा लाकूड काळं पडतं. डझनावर घ्या, पेन्सिलीसारखी वापरायची चीज आहे ती.

हे सगळं झाल्यावरही रेष सुटेल. तेव्हा पुन्हा हाताला दोष द्यायच्या आधी एवढं ऐका. ही पाती पोलादी पट्टीतून ठोकून किंवा खोदून काढताना एका कडेला बारीक धार उभी राहते, ती डोळ्यांना दिसत नाही. त्या बाजूचा दाता जास्त कापतो, म्हणून पातं आपणहून एका बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, ओढतं. लाकूड नाकासमोर सरळ ढकललं तर कापलेली रेष तिरपी जाणारच. पट्टीने रेष आखलेला टाकाऊ तुकडा घ्या, हळूहळू कापा आणि रेषेवर राहण्यासाठी लाकूड किती तिरकं धरावं लागतंय ते बघा. तो कोन हाताला एकदा कळला की पुढे विचार करावा लागत नाही. चित्रकलेच्या शिक्षिकेला हे इतरांपेक्षा लवकर जमेल, कारण ब्रशचा कल ओळखायची सवय तुम्हाला आहेच.

वेग सुरुवातीला कमीच ठेवा. लाकूड पुढे ढकलायचं नसतं, पात्याच्या तोंडी द्यायचं असतं, जेवढं ते खाईल तेवढंच. कोपऱ्यावर आलात की पुढे जाणं थांबवा, पातं चालू ठेवून लाकूड जागच्या जागी फिरवा आणि मग पुढे जा. पात्याजवळचा, लाकूड दाबून धरणारा पाय लाकडाला जेमतेम टेकेल असा खाली आणा. नक्षीचा कागद लाकडावर चिकटवल्यावर त्यावरून पॅकिंगची पारदर्शक टेप लावा. टेपमुळे पातं सुळसुळीत चालतं आणि सागासारख्या लाकडाच्या कडा जळत नाहीत. कागद थेट लाकडावर चिकटवण्यापेक्षा आधी मास्किंग टेप, तिच्यावर कागद, असं केलंत तर शेवटी सगळं एका ओढीत निघतं.

नावाच्या पाट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ही कल्पना मला मनापासून आवडली. देवनागरी या मशीनसाठी अतिशय सोयीची लिपी आहे. इंग्रजी नाव कापलं तर प्रत्येक अक्षर सुटं होतं आणि पाटीवर एका ओळीत चिकटवताना कसरत होते. आपली शिरोरेषा अख्खं आडनाव एका तुकड्यात धरून ठेवते. 'पाटील' कापा, उचला, भिंतीला लावा. फक्त शिरोरेषा अक्षरांच्या दांड्याहून थोडी जाड आखा, कारण सगळ्यांचा भार तिच्यावर असतो, आणि अक्षरांचा दांडा प्लायच्या जाडीपेक्षा बारीक करू नका. अडचण येते ती अनुस्वारात. 'शिंदे' किंवा 'सावंत' कापलंत की वरचा टिंब सुटून खाली पडतो. तो मात्रेला किंवा शिरोरेषेला एका बारीक मानेने जोडून आखा, नाहीतर मागे पातळ पट्टी लावून घ्या. ब, व, क, ठ यांच्या पोटातल्या पोकळीसाठी आधी भोक पाडायचं, पातं वरून सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताण द्यायचा. आतली कापणी सगळी आधी, बाहेरची शेवटी. बाहेरचं आधी कापलं तर हातात धरायला लाकूडच उरत नाही आणि शिरोरेषा मोडते. दोन घरांचं आडनाव एकच असेल तर दोन पातळ प्लाय कडेने टेप लावून एकावर एक ठेवा आणि एकदम कापा.

लाकूड कोणतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझं मत स्पष्ट आहे. घरात एमडीएफ कापू नका. ते स्वस्त असतं, गुळगुळीत असतं, पण त्याची भुकटी पिठाहून बारीक उडते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. स्वस्त कमर्शियल प्लायमध्ये आतल्या थरात पोकळ्या निघतात आणि पातं त्यांत अडखळतं, म्हणून बर्च प्लाय परवडत असेल तर तो घ्या. हात बसेपर्यंत पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन उत्तम, मात्र त्यातले खिळे शोधून काढा. शिवण झाडाचं लाकूड हलकं आणि मऊसूत असतं, खेळण्यांना छान. साग देखणा, पण त्याच्या भुशाने काहींच्या त्वचेला आणि नाकाला त्रास होतो.

आणि इथून मला सासूबाईंविषयी बोलायचंय.

तुम्ही लिहिलंय की त्यांना तुमचा हा छंदच मान्य नाही. असेलही. पण पत्रातच दोन ओळी खाली आहे की त्यांना दमा आहे आणि घरातले कपडे त्याच बाल्कनीत वाळतात. मला वाटतं, त्यांचं म्हणणं तुमच्या छंदाबद्दल नसून त्यांच्या श्वासाबद्दल असू शकेल, आणि ते त्यांना तसं नेमकं मांडता येत नसेल. लाकडाची धूळ ही नुसती घाण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेली आहे. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्याच धुळीत काम करणाऱ्यांना असतो, तुम्ही घाबरून जावं असं नाही. दमा असलेल्याला मात्र एका संध्याकाळची धूळही पुरते. स्क्रोल सॉ भुसा थोडाच काढते, पण तो अगदी बारीक असतो. त्यात रेष दिसावी म्हणून मशीनला हवेची नळी असते आणि ती ही भुकटी घरभर फुंकते.

तेव्हा कापताना पत्र्याखालच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडा. व्हॅक्यूमला बारीक धूळ अडवणारी हेपा गाळणी हवी, कापडी पिशवीवाला घरगुती व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि मागून बाहेर सोडतो. तुम्ही एन-९५ मास्क आणि चष्मा लावा, सर्जिकल मास्क पुरत नाही. घराकडचं दार बंद, दाराखालच्या फटीत ओलं कापड, बाहेरची खिडकी उघडी. काम झाल्यावर तासभर दार उघडू नका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. अंगावरचा कुर्ता तिथेच बदला. वाळत घातलेले कपडे असतील त्या दिवशी मशीन बंद, याला अपवाद नाही. आणि हे सगळं करणार आहात हे सासूबाईंना आधी बसून सांगा. त्यांना विचारा, कोणत्या दिवशी, किती वाजता चालेल. त्यांच्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या. एवढं करूनही त्यांचा त्रास वाढला तर मशीन त्या घरात चालवायचं नाही, यावर मी ठाम आहे.

मग कुठे, तर त्याचे पर्याय आहेत. कोणा नातेवाइकाच्या तळमजल्यावरच्या घराची पडवी, सोसायटी परवानगी देत असेल तर गच्चीवरच्या जिन्यालगतची जागा, किंवा तुमच्या शाळेतला कलावर्ग. शाळेचा पर्याय तुम्हाला सर्वांत सोयीचा, पण तिथे मुलं असतात. मशीन कुलपात राहणार असेल आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी असेल तरच न्या.

बाल्कनीतच राहायचं ठरलं तर विजेचं एक पाहा. या मशीनला वीज फार लागत नाही, १०० वॉटच्या आसपास, पण शेजारी नळ आणि वॉशिंग मशीन आहे. अर्थिंग तपासून घ्या आणि घराच्या बोर्डात गळती ओळखणारा ब्रेकर नसेल तर बसवून घ्या. दोन्ही मशीन एका वेळी चालवायची नाहीत. पातं बदलताना बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन सॉकेटमधून काढायची. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मोकळे केस घेऊन मशीनसमोर बसू नका.

रात्री दहानंतरचं काम आजपासून बंद करा. कायद्यातही रात्र दहापासून सकाळी सहापर्यंत धरलेली आहे, पण मी तेवढ्यासाठी सांगत नाही. दिवसभराच्या शिकवण्यानंतर थकलेल्या डोळ्यांनी, खालचे ओरडतील या धास्तीने, लवकर संपवायच्या घाईत तुम्ही कापता. घाईत हात लाकूड रेटतो. शनिवारी दुपारी दोन तास मिळाले तरी ते आठवड्याच्या पाच रात्रींपेक्षा जास्त काम देतील. खालच्या घरी स्वतः जा, ठरलेली वेळ सांगा, फोन नंबर द्या.

मिस्टरांच्या मोठ्या मशीनबद्दल. १६ इंच म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १६ इंचांच्या आत बसणारी पाटी या मशीनवर कशीही फिरवता येते आणि दाराबाहेरच्या पाटीला त्याहून जास्त क्वचितच लागतं. मखराचा प्रश्न वेगळा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून लाकडी जाळीच्या मखरांची हौस वाढलीय आणि तीन फुटी कमान या मशीनमध्ये फिरणार नाही. पण २० इंचीमध्येही ती फिरणार नाही. कमान दोन-तीन तुकड्यांत आखा आणि सांध्यावर वेलबुट्टी घ्या, नाहीतर बाहेरचा मोठा आकार जिगसॉने (हातात धरून चालवायच्या विजेच्या करवतीने) कापून आतली नाजूक जाळी यावर करा. नवीन मशीनचे पैसे पाती, व्हॅक्यूम आणि स्टँडवर घाला.

आठ पाट्यांचं ओझं तुम्ही स्वतःहून घेतलंय, आणि मला वाटतं घरच्यांना हा खर्च वाया गेला नाही हे दाखवण्यासाठी घेतलंय. छंदाने पहिल्या महिन्यात स्वतःची किंमत वसूल करून दाखवावी, ही अट तुम्हाला कोणी घातली? तुमच्या पत्रात तरी कोणी घातलेली दिसत नाही. सहकाऱ्यांना सरळ सांगा की दोन महिने लागतील, थांबायचं नसेल त्यांचे पैसे परत करा. शाळेतली माणसं आहेत, समजून घेतील. जे थांबतील त्यांच्यातलं सर्वांत सोपं आडनाव आधी घ्या. अनुस्वार नसलेलं, पोकळी असलेली अक्षरं कमी असलेलं.

मुलाला आत्ता मशीन देऊ नका, हातातली फ्रेट सॉ द्या. यू आकाराची चौकट, एक छोटी फळी टेबलाला शिकंज्याने (क्लॅम्पने) अडकवलेली आणि तिला व्ही आकाराची खाच. तीन मिलीमीटरचा प्लाय त्यावर आरामात कापला जातो, आवाज नाही, वीज नाही. त्याही हाताच्या करवतीत दाते खालीच हवेत, ते त्यालाच तपासायला सांगा. त्यावर चार-पाच आकार रेषेवर कापून आणले की तुम्ही शेजारी बसून, केवळ कमी वेगावर, रुंद तुकडा हातात देऊन मशीनवर बसवा. पात्याच्या सरळ रेषेत बोट कधीही येऊ द्यायचं नाही, हे त्याला पहिल्या दिवशी दाखवा, नुसतं सांगू नका. तुम्ही घरी नसताना पातं काढून ठेवा आणि पिन सॉकेटबाहेर.

आणि नाशिकचा पाऊस लक्षात घेता मशीनचा पत्रा बिडाचा असेल तर जूनपूर्वी तो स्वच्छ पुसून त्यावर फर्निचरचं मेण चोळून ठेवा, गंज धरणार नाही आणि लाकूडही हलकं सरकेल. मेणबत्तीचं मेणही चालतं. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको, तो लाकडाला लागला की वर पॉलिश नीट बसत नाही. प्लायचे तुकडे बाल्कनीत न ठेवता पलंगाखाली, आडवे ठेवा. उभे ठेवलेले दोन पावसांत वाकतात.